मुकी वाट

तळकोंडच्या अभयारण्यात वर सड्यावर माणूस पाऊल ठेवत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ते खोटं आहे हे साऱ्या खात्यात एकट्या सोनल येडगेला ठाऊक होतं, कारण ते खोटं यंत्राला तिनेच शिकवलं होतं.

घाटाच्या पायथ्याशी वनखात्याचं जुनं विश्रामगृह आहे. त्याच्या मागच्या खोलीत ती बसायची. हुद्द्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. नाक्यावरचा चहावाला तिला ‘पावलं ऐकणारी बाई’ म्हणायचा आणि काम तेच होतं. समोरच्या पडद्यावर अख्खा डोंगर असे. खाली दाट जंगल, मध्ये कड्यांची ओळ आणि सगळ्यात वर म्हातारसडा. हा सडा म्हणजे कातळाचं लांबरुंद सपाट मैदान. पश्चिमेला ते एकाएकी संपतं आणि पायाखाली कोकण दिसतं. नकाशावर ठिपके सरकत असत. तपकिरी सांबराचे, पिवळे भेकराचे, काळे गव्याचे. माणसासाठी लाल रंग राखून ठेवला होता, आणि सड्यावर तो कधी उमटला नव्हता.

यंत्राचं नाव ‘पदरव’. त्यातली युक्ती तशी समजायला सोपी आहे. सड्यावरच्या मातीखालून, कातळाच्या भेगांतून, केसाएवढी काचेची तार जाळ्यासारखी पसरलेली आहे. तिच्यातून लेझरचे स्पंद अखंड सोडतात. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्या अंगात सूक्ष्म उणिवा राहतातच, आणि वाटेतल्या प्रत्येक उणिवेवरून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन कणभर दबते, तार तेवढीच ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते. कसा बदलला यावरून धक्का कसा होता ते कळतं. थोडक्यात, तारेचा वीतभर तुकडा म्हणजे एकेक कान. धुकं असो की अंधार, या कानाला फरक पडत नाही.

पण धक्का नुसता कळून भागत नाही. तो कुणाच्या पायाचा, हे यंत्राला शिकवावं लागतं. ओळखीच्या पावलांचे ढीगभर नमुने दाखवायचे: हे डुक्कर, हे अस्वल, हा बूट घातलेला माणूस. ज्या नमुन्याबद्दल यंत्राला शंका वाटेल तो वाचणाऱ्याकडे येतो, आणि वाचणारा जे सांगेल ते यंत्र कायमचं गिरवतं. यंत्राला अक्कल असेल-नसेल, शिस्त जबर असते. शंकेचे नमुने सोनलकडे यायचे.

आता सोनलचा जन्मच त्या सड्यावरचा. गवळी धनगरांची मूठभर घरांची वाडी होती तिथे. पदरव बसवायच्या आधी ती उठवली. खाली उसाच्या मुलखात वाडीला प्लॉट मिळाले, पक्की घरं मिळाली, दारात नळ मिळाला. म्हशींना डुंबायला डबकं तेवढं मिळालं नाही. करारात एक कलम होतं. एखाद्याने परवानगीवाचून सड्यावर पाऊल टाकलं तर दंड. पण वाडीने संगनमताने टाकलं तर प्लॉट आणि घरं सरकारजमा. वाडीने मान डोलावली, सह्या-अंगठे केले, आणि पहिल्याच श्रावणात संगनमताने वर गेली.

जाणं भाग होतं. सड्याच्या मधोमध देवाची राई आहे, राईत गवळदेव, आणि देवाच्या पायाशी झरा. श्रावण सरायच्या आत झऱ्यातला गाळ उपसायचा आणि देवाला दूधभात दाखवायचा, की मग वर्षभर म्हशींना काही होत नाही. सड्याची शीव लागली की पायातलं काढायचं आणि तोंड मिटायचं. थोरल्याने पुढे व्हायचं, बाकीच्यांनी त्याच्या पावलात पाऊल टाकत मागून यायचं. देवाने नैवेद्य घेईपर्यंत शब्द काढायचा नाही. साप चावला तरी नाही. हिला मुकी वाट म्हणतात.

पदरव सुरू झालं त्या वर्षी हा नमुना सोनलपुढे आला. यंत्र गोंधळलं होतं. जड, सावकाश चाल, ठशावर ठसा. गवासुद्धा मागचा पाय पुढच्याच्या ठशात टाकतो. ‘गवा की आणखी काही?’ असं यंत्र विचारत होतं. सोनलने त्या ओळीत आपल्या बापाची चाल ओळखली आणि ‘गवा’वर बोट ठेवलं. पुढच्या वर्षीही ठेवलं. त्यानंतर यंत्राने विचारणं सोडून दिलं. अनवाणी माणूस म्हणजे गवा, हा धडा त्याला पाठ झाला होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसंच झालं. सड्यावर गव्यांची ये-जा वाढल्याचा अहवाल वर गेला. वनक्षेत्रपाल घोरपडे साहेबांना प्रशस्तिपत्रक आलं, त्यांनी ते चौकट करून पदरवच्या खोलीत भिंतीला लावलं. सोनल रोज त्याच्याखाली बसून डबा खायची.

ज्या दिवशी ही मूठ उघडली, त्या दुपारी घाट धुक्यात बुडाला होता. पदरव जिने उभं केलं ती डॉ. नाझनीन मुल्ला पुण्याहून देखभालीला आली होती आणि जमिनीवर मांडी घालून एक पेटी उघडून बसली होती. तेवढ्यात सोनलच्या आईचा फोन आला.

“सोने, तुजा बा तिकडं आलाय काय गं?”

“इकडं? न्हाय. का?”

“पहाटंच गेलाय. दुधाची चरवी न्हाय घरात.”

सोनलने पडद्याकडे पाहिलं. “एकटा?”

“औंदा कोन जातंय? कोंडीमामाचं गुडघं गेलं, पोरं कारखान्यावर. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे या साली. तर म्हनला, देव काय पोरांच्या भरवशावर बसलाय व्हय? दुपारपत्तुर येतो म्हनला व्हता.”

भर दुपार तर कधीच उलटून गेली होती. राईकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवरची तार सोनलने उघडून पाहिली. सकाळचा एक काळा ठिपका शिवेवरून चढला होता, राईच्या अलीकडे वळला होता आणि चरायला पसरलेल्या खऱ्या गव्यांच्या गर्दीत मिसळून गेला होता. धुक्यात वाट चुकली असणार. सड्यावर वाट चुकणं म्हणजे काय, ते तिथे वाढलेल्या पोरीला कुणी सांगायला नको. कातळ सगळीकडे सारखाच दिसतो, आणि तो जिथे संपतो तिथे कठडा नाही.

ती उठली आणि घोरपडे साहेबांच्या खोलीत गेली.

“साहेब, माझे वडील सड्यावर गेलेत. परतले नाहीत.”

घोरपड्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “तुझे वडील? म्हणजे कुंपणच शेत खायला लागलं म्हणायचं.” पण माणूस वाईट नव्हता. दंडाचं नंतर बघू म्हणाला आणि उभ्या उभ्या वायरलेस उचलला. वनरक्षक मोरेची तुकडी चढायला निघाली, ड्रोनही सुटलं. ड्रोनच्या कॅमेऱ्याला पिंजलेल्या कापसापलीकडे काही दिसेना, तेव्हा त्यांनी त्याचा भोंगा चालू केला. धुक्यात आवाज घुमायला लागला: “बमू येडगे, असाल तिथून आवाज द्या! बमू येडगे!”

“साहेब, ते ओ देणार नाहीत,” सोनल म्हणाली.

“का? ऐकू येत नाही?”

“येतं. पण ते मुक्या वाटेवर आहेत. नैवेद्य होईपर्यंत बोलायचं नसतं.”

“जिवावर बेतलं तरी?”

“तरी.”

घोरपडे मागच्या खोलीत आले आणि त्यांनी मुल्ला मॅडमकडे पाहिलं. नाझनीन हात पुसत पडद्यापाशी आली. “बोलू देत नाहीतर न बोलू देत. जमिनीवर पाय तर टेकवले असतील?” तिने माणसाचा शोध लावला. यंत्राने क्षणात उत्तर दिलं: सड्यावर माणूस नाही.

“मग चढलेच नसतील,” ती म्हणाली. “खालच्या जंगलात बघायला हवं. तिथे आपली तार नाही.”

“बरोबर.” घोरपड्यांनी वायरलेस तोंडाशी नेला. “मोरे, सडा सोडा. मागे फिरा आणि खालचं रान धरा.”

इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती एक गोष्ट लपवते आहे, बस. आता ती गोष्ट माणसांचा हात धरून त्यांना बापापासून लांब नेत होती.

ती व्हरांड्यात आली आणि घरी फोन लावला. फोन कोंडीमामाने घेतला. वाडीचा म्होरक्या तो, खबर लागल्यावर काठी टेकत येडग्यांच्या दारी आला होता.

“मामा, यंत्राला बा दिसत न्हाय. धडा बदलला तर दिसंल. पर मग आजवरचं समदं दिसंल.”

“एकट्या बमूचं झालं तर दंड भरू. पर यंत्राला शानं करू नगंस, पोरी. घरं जातील. लेकरंबाळं घिऊन कुटं जायाचं?”

“आन् बा कड्याशी असला तर?”

“त्येलाच इचार मनातल्या मनात, त्यो काय म्हनला असता. त्यो म्हनला असता, घरं ऱ्हाऊ देत.”

हे अगदी खरं होतं. बमू येडगे असंच म्हणाला असता, आणि म्हणूनच सोनलला ते ऐकवेना. इकडे आड, तिकडे विहीर. पलीकडे कुणीतरी फोन हिसकावून घेतल्याचा आवाज झाला आणि आई बोलली, “त्येला काय इचारायचं? त्यो जन्मात कवा सोताचं बोललाय? तू आन त्येला, सोने.”

ती आत आली. “मॅडम,” ती म्हणाली, “अनवाणी माणूस यंत्राला गवा वाटतो. मी तसं शिकवलंय.”

नाझनीनला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. “कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. आमची वाडी दर श्रावणात वर जाते.”

“मी जगभर हा नकाशा दाखवत फिरले, सोनल. माणसाचा स्पर्श नसलेलं रान म्हणून. भर सभेत.” तिचा आवाज चढला होता. “मला तरी सांगायचंस!”

“तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही लपवलं असतं?”

नाझनीन खुर्ची ओढून म्हणाली, “धडा बदलला की पदरव आजच्यापुरतं थांबत नाही. पहिल्या दिवसापासूनची सगळी नोंद नव्याने वाचतं, आणि ते वाचन आपोआप वरच्या कचेरीत जातं. ते मलाही अडवता येणार नाही. कळतंय ना?”

“कळतंय.”

लंगडणारा, रांगणारा, घसटत जाणारा माणूस कसा ओळखायचा, हे पदरवला मुळातच शिकवलेलं होतं. सोनलच्या धड्याखाली ते दडपलं गेलं होतं, एवढंच. तिने सगळ्यात पहिल्या वर्षाचा नमुना उघडला, ‘गवा’ खोडलं आणि ‘माणूस’ लिहिलं. दुसऱ्या वर्षाच्या नमुन्यातही तेच केलं.

पडदा थोडा वेळ तसाच राहिला. मग पश्चिमेच्या टोकाला, कातळाच्या एका भेगेपाशी, एक लाल ठिपका उमटला. तो हलत नव्हता. मधूनच जमीन खरवडल्यासारखा एक बारीक धक्का तेवढा येत होता. घोरपडे ओरडले, “मोरे! परत वर! कोकणकड्याची बाजू धरा, राईच्या मावळतीला. आणि जपून, धार जवळ आहे!”

मोरेची तुकडी पोचेपर्यंत पदरव आपलं काम शिस्तीत करत होतं. वर्षामागून वर्ष काळ्या रेघा लाल होत गेल्या. शिवेपासून राईपर्यंत, राईपासून शिवेपर्यंत. घोरपडे त्याकडे बघत उभे राहिले, मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या चौकटीकडे गेलं.

बमू येडगे सापडला तो भेगेत पाय अडकून, नडगी मोडून पडलेला. कड्याची धार त्याच्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर होती. दुधाची चरवी त्याने छातीशी धरली होती आणि तिच्यातलं दूध सांडू दिलं नव्हतं. मोरेने नाव विचारलं, दुखतंय का विचारलं, पाणी हवं का विचारलं. बमू पाणी प्यायला आणि त्याने मान फिरवली.

तालुक्याच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलं. बोलत नाही म्हणून डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, होईल हळूहळू. आई म्हणाली, धक्का कसला, नैवेद्य कुठं झालाय? चार दिवस गेले, आठवडा गेला, बमूला घरी आणलं, पण तो मुकाच. सोनल समोर आली की डोळे मिटून घ्यायचा. वाडीत तिच्याशी तसंही कुणी बोलत नव्हतं. घरोघरी नोटिसा आल्या होत्या आणि सोनलच्या नोकरीवर चौकशी बसली होती. जगमान्य अरण्याचा जो किताब तळकोंडला मिळणार होता, तोही लांबणीवर पडला. लोकांच्या नजरा चुकवत ती दारातल्या नळावर कळशी भरायची आणि लगेच आत शिरायची. बापाचा जीव वाचला याचा तिला आनंद होता, आणि तो आनंद सांगायला तिला अख्ख्या वाडीत एक घर उरलं नव्हतं.

मग घोरपड्यांचा फोन आला. सड्यावरच्या त्या वाटेचा पंचनामा करायचा होता, आणि ती दाखवायला वाडीतलं कुणी तयार होईना.

“मी येते,” सोनल म्हणाली. आईने न बोलता चरवी भरून दिली, फडक्यात तांदूळ बांधून दिले.

शिवेपाशी सोनलने चपला काढल्या. “साहेब, इथून पुढं बूट नाही आणि बोलायचं नाही.”

“पंचनामा न बोलता कसा करायचा?”

“लिहून करा.”

घोरपडे चडफडले. नाझनीनने मात्र आपले बूट काढून पिशवीत कोंबले होते. शेवटी साहेबांनीही काढले, नाड्या बांधून खांद्यावर टाकले, आणि सरकारी चौकशी अनवाणी, एकापाठोपाठ एक, तेरड्याच्या गुलाबी फुलांतून चालू लागली. सोनल पुढे होती. तिच्या घरात मुक्या वाटेवर बाई कधी पुढे झाली नव्हती, पण थोरला तर खाटेवर पडला होता.

झरा गाळाने बुजला होता. सोनल ओचा खोचून आत उतरली. थोड्या वेळाने नाझनीनही सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून उतरली आणि दोघींनी हातांनी पालापाचोळा, चिखल बाहेर काढला. घोरपडे काठावर बसून लिहीत होते. झऱ्याचं पाणी गढूळ आलं, मग निवळलं. तीन दगडांवर दूधभात शिजला, देवापुढे ठेवला गेला. सोनलने हात जोडले, तेव्हा तिच्या मनात मागणं असं काही आलं नाही. बापाचा मिटलेला चेहराच आला.

उतरताना, शीव ओलांडल्यावर, नाझनीन म्हणाली, “तुझ्यावर अजून राग आहे माझा. जाणार नाही तो इतक्यात. पण नवं वाचन मी नीट पाहिलंय. दर वर्षी तुम्ही झरा उपसून गेलात की मागोमाग गवे झऱ्यावर येतात, आणि उन्हाळा तिथेच काढतात. एका वर्षी तुमची माणसं उशिरा गेली, तर गवे खाली शेतात उतरले होते. रान माणसांपासून मोकळं ठेवलं म्हणून गवे वाढले, असं आम्ही लिहीत होतो. हे मी सुनावणीत सांगेन. त्याने घरं वाचतील असं मात्र म्हणत नाही. कलम कलम असतं.”

दिवस मावळायच्या आत सोनल घरी पोचली. बमू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, प्लास्टरचा पाय उशीवर. आई चुलीशी होती. सोनल उंबऱ्यातच थांबली.

“निवद झाला, बा. झरा मोकळा केला.”

बमूने डोळे उघडले. घसा खाकरला. इतक्या दिवसांत वापरला नव्हता, तो आवाज आधी नीट फुटेना.

“घरं?”

“सुनावनी हाय. पुडल्या म्हैन्यात.”

“जातील,” तो म्हणाला. रागाने नाही, उद्या ऊन पडेल म्हणावं तसं म्हणाला. बाहेर गोठ्यात म्हस रेकली, तिकडे त्याने जरा कान दिला. मग लेकीकडे नीट पाहिलं. “गवा व्हतो तवर डोंगर आपला व्हता, सोने. तू मानूस केलंस आन् त्यो गेला. मला गवाच ऱ्हाऊ द्याचं हुतंस.”

सोनल खाटेपाशी येऊन खाली बसली. इतके दिवस धरून ठेवलेलं रडू आता तिला धरवेना, आणि रडतच ती म्हणाली, “गवा हरवला तर त्येला कुनी हुडकत न्हाय, बा.”